पडद्यावर पिवळं दिसलं नाही

पातूर,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय कुलदीपदादा,

अमरावतीला तू आणि वहिनी बरे असाल. इकडे थंडी चांगली पडली आहे, तुरीला शेंगा धरल्यात.

तुझा निरोप मिळाला. सोमवारी तुमच्या संस्थेचे मोठे लोक येणार, व्हिडिओवरच्या डॉक्टरांचा लेकरांना कितपत उपयोग झाला हे घरोघरी विचारणार, आणि मी दोन चांगले शब्द बोलावेत, असं तुझं म्हणणं.

बोलेन. पंचफुलाबाईंच्या नातवाची खरूज तुमच्या डॉक्टरांनी पडद्यावर बघून बरी केली. त्यांची अकोल्याची खेप वाचली. हे खरं आहे.

माझ्या शिवमचंही खरंच सांगेन. पावसाळ्यात तो जेमतेम दीड महिन्याचा होता. डोळे पिवळे, शी चुन्यासारखी पांढरी. आरोग्य केंद्रात नर्सबाईंनी त्याच्यासमोर टॅब धरला. डॉक्टर म्हणाले, "मला तर पिवळं दिसत नाहीये. अंगावर पाजत राहा, कोवळं ऊन द्या." मी शीचा रंग सांगायला लागले तेवढ्यात आवाज तुटला. परत जोडला तेव्हा दुसऱ्या बाळाची पाळी लागली होती.

घरी येऊन मी तुलाच फोन केला.

"दादा, मी त्याले अकोल्याले घेऊन जातो. मले त्याचं लक्षण बरं दिसून नाही राहिलं."

"काहून घाई करून राहिली? आताच तर उद्घाटन झालं. माही सख्खी बहीणच अकोल्याले पळाली तर गाव काय म्हणन? थांब थोडी."

मी थांबले.

शेवटी अकोल्याला नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी नुसता लंगोट पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. पित्ताची नळी बंद होती. नागपूरला ऑपरेशन झालं. "आधी आणलं असतं तर..." एवढंच तिथले सर्जन म्हणाले. आता त्याचं पोट फुगतं. खाजेनं तो स्वतःला ओरबाडून काढतो, म्हणून हातांत सतत मोजे घालते. पुढे यकृत बदलावं लागेल म्हणतात.

सासूबाई येईल त्याला सांगतात, "इनं पोराकडे ध्यानच देलं नाही." ते मी ऐकून घेते. पण अकोल्याहून आलेली आपली आईसुद्धा म्हणाली, "तू माय हायेस ना त्याची? तुले समजलं कसं नाही?" तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. तुझी नोकरी नवी होती, आणि आईला तुझं किती कौतुक!

सोमवारी त्या लोकांना मी तुझं नाव सांगणार नाही. ते सेवेबद्दल विचारतील, मी सेवेबद्दल सांगेन. तुझं नाव आईला कळलं पाहिजे, आणि ते तूच सांगायचं. अकोल्याला जाऊन, तिच्यासमोर बसून. फोनवरून नको.

तोवर माझ्या दारी येऊ नकोस.

सवयीनं खाली 'शिरसाष्टांग नमस्कार' लिहिला होता, तो खोडला आहे.

रागिणी