साखळी उपोषणातली सोयरीक

शहापूर, गुरुवार

ती. निर्मलामावशीस,

मंडपातल्या सतरंजीवरूनच मनालीचा नमस्कार. (उठून वाकले असते, पण आज उपोषणाची पाळी माझी आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला? फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि भातसानगरची अख्खी कॉलनी ऐकायला, म्हणून कागद.

विद्यापीठाने 'निधी नाही' म्हणून आम्हा पीएचडीवाल्यांची शिष्यवृत्ती बंद केली, आमच्याकडून शिकवून घ्यायचे तास मात्र चालू ठेवले. म्हणून इथल्या उपकेंद्राच्या फाटकाशी आम्ही बसलोय. आधी घोषणांना घसा पुरत नव्हता. आता घसा आहे, पण हौस राहिली नाही. फाटकावरचा शिपाईसुद्धा आमची घोषणा आमच्याआधी पूर्ण करतो. त्यात परवा आई धसईहून आली. मनाली उपास करते, एवढंच तिच्या कानावर गेलेलं. आल्या आल्या विचारलं, "कुठल्या देवाचा गो?" मी म्हटलं, सरकारचा. "तो नाय पावायचा," म्हणाली आणि शेजारच्या धोंडूबाईला घेऊन (एकटीने कसं यायचं!) माझ्याशेजारी बसली.

दुपारी उपकेंद्राचे संचालक बोलणी करायला बाहेर आले. आमचा पुढारी स्वरूप मागण्यांचा कागद शोधेपर्यंत आईने त्यांना पाणी दिलं, गाव विचारलं आणि घरात लग्नाचं कोणी आहे का, तेही. मावशी, तो माणूस वरून-खालून शिव्या खाऊन इतका दमला होता, की निधी सोडून कोणी दुसरं काही विचारतंय यानेच त्याला भरून आलं. चपला काढून बैठक मारली. लांबच्या पोरांना वाटलं बोलणी रंगात आली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. उठताना म्हणाले, "शिष्यवृत्तीसाठी समिती नेमू. पुतण्याला मात्र रविवारी नक्की घेऊन येतो." आई स्वरूपला म्हणाली, "बघ, तुमाला इतके दिवस जमला नाय."

सगळे हसले, मला हसू आलं नाही. शिष्यवृत्ती परत सुरू झाली नाही तर प्रबंध अर्धा टाकून घरी यावं लागेल, आणि आईला मनातून तेच हवंय असं वाटून मी तिच्याशी बोललेच नाही. एसटीत चढताना तिने मागे वळून सांगितलं, "त्या साहेबाला आधीच बोललंय मी, पोरगी शिकायची थांबनार नाय." आणि गाडी सुटली.

तुझी (दमलेली)
मनाली

ता. क. आई तुझं एकटीचं ऐकते. रविवारचा कार्यक्रम कसाही करून मोड.

ता. क. दुसरा. आत्ताच त्या पुतण्याचा, भरतचा, फोन आला (नंबर आईनेच साहेबांना दिलेला). तोही पीएचडीच करतो, दुसऱ्या विद्यापीठात, आणि आमच्याही आधीपासून तिथल्या फाटकाशी बसलाय. घरी कोणाला पत्ता नाही, चुलत्यांना तर नाहीच. भाडं थकलं म्हणून मंडपवाला काल तिथल्या पोरांचा मंडप सोडून घेऊन गेला. आवाज माझ्याइतकाच थकलेला. बराच वेळ फोन चालू होता. बरं वाटलं. तेव्हा रविवार मोडायचं आईला काही बोलू नकोस. आपल्या काकांची ती निळी ताडपत्री तेवढी रविवारच्या आत पाठव. भरत आला की घेऊन जाईल, तिथल्या पोरांना उन्हात बसावं लागतंय.