धूळ बसली

३ मार्च
वेधशाळेच्या गच्चीवरची काच आज दोनदा पुसली. काचेवर ओरखडा असला तर हवेतली धूळ शोधणाऱ्या लिडार यंत्राचा हिरवा किरण तिथेच अडखळतो, असं मॅडम म्हणतात. एक बारीक रेघ दिसली. घाम फुटला! केस निघाला. माझाच.

५ मार्च
पडद्यावर तांबडा पट्टा उमटला. चार किलोमीटर वर — दूरच्या वाळवंटाची धूळ. डोळ्यांना काही दिसत नाही, आभाळ निळंच. किरण वर जातो, कणांवर आपटून परत येतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची कळते. पाण्याचा थेंब गोल, तो प्रकाश जसाच्या तसा परत करतो. धुळीचा कण दगडाचाच चुरा, वेडावाकडा. तो प्रकाश पिळून पाठवतो. म्हणून ढग कुठला, धूळ कुठली, ते ओळखू येतं. मॅडमनी हे तीनदा समजावलं. अकरावीत शिक्षण सोडलेल्या माणसाला चौथ्यांदा विचारायची लाज वाटते. (धूळ — धू दीर्घ. धुळीचा — धु ह्रस्व. हे मात्र कुणाला विचारावं लागत नाही; फळ्यावरच्या वेलांट्या-उकार मीच तपासतो.)

पट्टा खाली सरकतोय. सारखी आप्पांची छाती आठवते. आयुष्यभर खडी फोडायच्या कारखान्यात होते. डॉक्टरांनी बजावलंय — धुळीच्या दिवशी दारं-खिडक्या बंद, पाऊल बाहेर टाकायचं नाही.

६ मार्च
जेवताना आप्पांना सांगितलं. "काय चिंतोपंत, ती अजून आभाळात आहे आणि तुझ्या घशाखाली घास उतरेना?" ताई फिदीफिदी हसली. मला हसू आलं नाही. हसता हसता आप्पांना खोकला आला — त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मी बघतच राहिलो.

७ मार्च
पट्टा एक किलोमीटरवर. यंत्र चालवणारा, ज्याला आम्ही भोंगा म्हणतो, हात चोळत म्हणाला, "उद्या बसणार बघ!" याला आनंद कसला होतो?

८ मार्च
दुपारी भोंगा ओरडला, "बसली रे बसली!"

घरी फोन लावला. "आप्पा, धूळ बसली! मी निघालोच."
"बसली? बरं." फोन ठेवलाही.

घराजवळच्या कोपऱ्यावर पोचलो तर ताई आप्पांना बाकावर धरून बसलेली. ओठ निळे. सगळं आभाळ पिवळट. रिक्षा मिळेना...

दवाखान्याच्या जिन्यात एकदम लख्ख कळलं. बसली! वेधशाळेत 'बसली' म्हणजे आभाळातली जमिनीवर आली — धोका. घरी 'बसली' म्हणजे शमली, संपली — आता खुशाल बाहेर पडा! वेलांटी तपासणारा मी. अर्थ नाही तपासला.

९ मार्च
मीच. दुसरं कोण?

१० मार्च
मॅडमना सांगितलं. त्या उठून फळ्यापाशी गेल्या. मग म्हणाल्या, "अरे, इतकी वर्षं आम्हीही तेच म्हणतोय." फळ्यावरचं 'बसली' खोडून त्यांनी 'जमिनीवर आली' लिहिलं. "वेलांटी बरोबर आहे ना रे?" मला हसवायला विचारलं असावं. मी बाहेर जाऊन रडलो.

१२ मार्च
ऑक्सिजन कमी केलाय. नर्स म्हणते, "म्हातारबुवा चिवट आहेत!" जिवावरचं टळलं. पण माझ्याशी बोलत नाहीत. मी आत गेलो की भिंतीकडे तोंड करतात, ओठ घट्ट आवळतात. नर्सशी मात्र थट्टा चालते! रागावलेत. का नाही रागावणार? माफी मागायची म्हणून वाक्य ठरवून गेलो होतो. पाठीकडे बघून तसाच परत आलो.

१३ मार्च
ताईनं जिन्यात गाठलं. "तुला सांगू नको म्हणाले होते. पण तुझं हे खंगणं बघवत नाही."

त्या दिवशी फोन ठेवल्यावर ती त्यांना म्हणाली होती, "अहो आप्पा, गेली नाही, खाली आलीय!"

ते चपला घालत होते. "कळलं गं. मला मराठी शिकवतेस? पण मघापासून उबळ येतेय, ती काही थांबायची नाही. आणि तो निघालाय. मी खोकलो की त्याचं तोंड बघवत नाही मला. जरा कोपऱ्यावर जाऊन मोकळेपणी खोकून येतो."