‘नाही’चा सांधा

ती. ताईस,

साष्टांगापैकी सात अंगांचा नमस्कार. आठवं अंग, म्हणजे डोकं, सध्या दुरुस्तीला दिलं आहे. तुझा गुडघा कसा आहे? न्हाणीघरात पडलीस हे तू नव्हे, शेजारणीने कळवलं. तिला रागावू नकोस.

पंधरवड्यापूर्वी माझी मान आखडली. वरखाली व्हायची, पण डावी-उजवीकडे वळायचं नाव घेईना. त्यातच इमारतीच्या सभेत नवा सचिव हवा म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवायला गेलो, ती उभीच हलली आणि मी बिनविरोध निवडून आलो. (तुझी भावजय म्हणते, मान धड असती तरी हेच झालं असतं.)

शेवटी तिनेच मला फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे नेलं. मला वाटलं, बाई मान धरून कडकन मोडणार, म्हणून निघताना कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगून ठेवलं. तसलं काही नाही. उताणं झोपवलं, डोक्याखाली दोन्ही तळवे घातले आणि म्हणाल्या, “काका, डोकं सोडा माझ्या हातात.” आजवर सगळ्यांनी डोकं चालव म्हणून सांगितलं, सोडायला कुणी सांगितलं नव्हतं. बराच वेळ जमेना. जमलं तेव्हा त्यांनी कवटीच्या अगदी खालच्या मणक्यांवर बोटांनी हलका दाब द्यायला घेतला. दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं, जाम झालेला ड्रॉवर जरा जरा हलवून मोकळा करावा तसं.

दाबता दाबता म्हणाल्या, कवटी आणि पहिला मणका यांच्यामधला सांधा ‘हो’चा, त्याच्या खालचा ‘नाही’चा. माझा ‘नाही’चा अडकला होता. भावजय कोपऱ्यातून म्हणाली, “वापरच नाही, गंजणारच.” बाई हसल्या नाहीत, म्हणजे त्यांना पटलं असावं.

मला मात्र तुझी आठवण झाली. दाजी गेल्यापासून मी दर भेटीत म्हणतो, आमच्याकडे राहायला ये. तू ‘नाही’ म्हणतेस आणि मी मान डोलावून परत येतो. ताई, तुझा ‘हो’चा सांधा अडकला आहे, आणि तू त्या घरात एकटी आहेस म्हणून मला झोप लागत नाही.

माझी मान आता वळते. घरी येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दुकानं पाहिली.

तुझा धाकटा

ता. क. सचिवपदाचा राजीनामा द्यायला गेलो होतो. सगळ्यांनी आग्रह केला आणि मान पुन्हा उभीच हलली. यात सांध्याचा दोष नव्हता.

आणखी एक ता. क. बाल्कनीशेजारची खोली रिकामी केली आहे, न्हाणीघरात धरायला दांडाही बसवला आहे. रविवारी गाडी घेऊन येतो. तू मान आडवी हलवशील, ठाऊक आहे. मीही हलवेन. बाईंनी मला तोच व्यायाम दिला आहे, सकाळ-संध्याकाळ, आणि तू गाडीत बसेपर्यंत मी तो करत राहीन.