बालीगंजच्या गच्चीवर अक्काचे अळू

बालीगंज, कोलकाता.
वैशाख. (तारीख पोस्टाच्या शिक्क्यावरून समजेल, असे लिहिणार होतो, परंतु या पत्रावर शिक्का असणार नाही. कारण शेवटी येईल.)

तीर्थस्वरूप श्यामराव यांच्या चरणी,

दिगंबरचा साष्टांग नमस्कार. (शास्त्राने अष्टांगांत कंबर मोजलेली नाही, हे मी जाणतो, परंतु तिच्या संमतीवाचून उरलेली आठही अंगे जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत आणि माझ्या कंबरेने फाल्गुनापासून संमती काढून घेतली आहे. तेव्हा नमस्कार मनाने घातला आहे असे समजावे.) मागील पत्रात आपण ‘गुडघा बरा आहे’ एवढेच लिहिलेत. उजवा की डावा, हे न लिहिता कोणताही गुडघा बरा असू शकत नाही. अक्काचा रक्तदाब कसा आहे? ती मीठ कमी खाते की कमी खाते असे आपल्याला सांगते? परसातल्या फणसाला यंदा किती लागले आहेत, तेही कळवावे. येथे मी, शकुन आणि माझा नवा डावा डोळा असे तिघेही ठीक आहोत.

आपण विचारलेत की अक्काने चिपळूणहून मुद्दाम धाडलेल्या अळवाच्या कंदांचे पुढे काय झाले. एका वाक्यात उत्तर देता आले असते. परंतु त्या वाक्यात आमच्या शेजाऱ्याचे नाव आले असते आणि ते तसे स्पष्टीकरणावाचून येऊ देणे माझ्या जिवावर येते.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर उदयराव नावाचे एक मराठी गृहस्थ राहतात. बँकेत अधिकारी आहेत, बदलीवर नाशिकहून आलेले. वयाने माझ्या मुलासारखे आहेत, मला ‘काका’ म्हणतात. मी मात्र त्यांना अहो-जाहो करतो, कारण ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्याशी एकेरीवर येऊ नये असा माझा नियम आहे. मनुष्य वाईट नाही. ‘मला मदत करा’ न म्हणता ‘माझी मदत करा’ म्हणतात, हे हिंदीच्या संसर्गाने झाले असावे म्हणून मी दर वेळी दुरुस्त करतो आणि ते दर वेळी ‘थँक्यू काका’ म्हणून पुन्हा तेच म्हणतात. तर हे उदयराव संक्रांतीला गच्चीवर पिकवलेल्या टोमॅटोंची परडी घेऊन आमच्याकडे आले. टोमॅटो उत्तम होते, हे मी नाकारीत नाही. मी नाकारतो तो आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या बायका हळदीकुंकवाला जमलेल्या असताना शकुनने काढलेला उद्गार. ती म्हणाली, “हाताला गुण आहे हो उदयच्या! नाहीतर आमच्याकडे बघा. चाळीस वर्षांत यांनी वाढवलंय ते फक्त माझं ब्लडप्रेशर.”

बायका हसल्या. उदयरावांची पत्नी मीना सर्वांत शेवटी हसली, परंतु सर्वांत जास्त वेळ. मत्सर हा माझ्या स्वभावात नाही, हे आपण जाणताच. मी केवळ सत्याच्या रक्षणासाठी उभा राहिलो आणि घोषणा केली की यंदा मंडळाचे चैत्रगौरीचे हळदीकुंकू आमच्या घरी होईल आणि गौरीपुढे आमच्याच गच्चीवरच्या, चिपळूणच्या, अक्काच्या अळवाच्या वड्यांचा नैवेद्य असेल. अक्काचे नाव मी घ्यावयास नको होते. आता प्रश्न माझ्या एकट्याच्या अब्रूचा उरला नाही.

गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत मी उभे आयुष्य हिशेब तपासण्यात घालवले. त्याच शिस्तीने कामाला लागलो. गच्चीवर खडूची रेघ मारली : पूर्वेकडे मी, पश्चिमेकडे ते. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही, त्यामुळे मातीची पोती शेवटच्या जिन्यावरून मी स्वतः चढवली. (कंबरेचा वर उल्लेख आलाच आहे.) उदयराव धावत आले, “काका, द्या इकडे, मी नेतो,” म्हणू लागले. प्रतिपक्षाकडून मी पोते उचलून घेणार होतो थोडाच! मी मातीच्या नव्या कुंड्या आणल्या, त्यांवर गंगेचे पाणी शिंपडले, दोन कुंड्यांतील अंतर टेपाने मोजले. पलीकडे उदयरावांची झाडे कशात होती म्हणाल, तर थर्माकोलच्या खोक्यांत. सियालदहच्या घाऊक बाजारात ज्या खोक्यांतून बर्फात घातलेले मासे येतात, ती ती खोकी! आणि त्यांत वांगी अशी डोलत होती की जणू काही त्यांना कोणी चांगल्या घरात वाढवले आहे.

मेथीविषयी मी फार लिहू इच्छीत नाही. वसंत ऋतू म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे सातारची हवा येते आणि सातारच्या हवेच्या भरवशावर मी फाल्गुनात मेथी पेरली. उदयराव रेघेपलीकडून म्हणाले, “काका, इथं आता मेथी नका लावू, ऊन तापलं. पुईशाक लावा. रोज तोडा, रोज येते.” मी म्हणालो, “आमच्या घरात पुई कोणी खात नाही.” (पुई म्हणजे आपला मयाळूच, हे मला नंतर शकुनने सांगितले. अक्का त्याची भजी करते व मी ती मागून घेतो, हेही तिने सांगितले.) मेथी वीतभर, काडीसारखी उंच झाली, पान धरण्याआधी तिने फुले धरली आणि ती वाळून गेली. शकुनने विचारले, “भाजी नाही तर नाही, निदान गजरा होईल का हो याचा?”

अळवाचेही लक्षण ठीक नव्हते. कंद फुटले, पाने आली, परंतु आली ती कानाच्या पाळीएवढी आणि कडेने पिवळी. नेमके त्याच वेळी माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले. वाकावयाचे नाही, धुळीत जावयाचे नाही, जिना चढावयाचा नाही. चैत्र लागला आणि मी काळा चष्मा लावून खोलीत बसून राहिलो. वरच्या गच्चीतून उदयरावांच्या चपलांचा आवाज येई. माझ्या अळवाच्या अंत्ययात्रेला ते एकटेच हजर राहणार, या विचाराने मला डोळ्यापेक्षा अधिक त्रास झाला.

परंतु डॉक्टरांनी परवानगी देताच वर गेलो, तो काय! श्यामराव, सुपाएवढी पाने! काळसर हिरवी, तकतकीत, देठ अंगठ्याएवढे जाड. मी शकुनला हाक मारली. ती म्हणाली, “नव्या डोळ्यानं मोठी दिसत असतील.” मी जुना डोळा झाकून पाहिले, नवा झाकून पाहिले, पाने मोठीच होती. हे माझ्या मूळ मशागतीचे फळ, असे मी उदयरावांना समजावून सांगितले. ते म्हणाले, “हो ना काका, पाया पक्का होता तुमचा.” मग माझी नजर त्यांच्या बाजूला गेली. त्यांच्या गंधराज लिंबाला फळ धरले होते! (हे येथील लांबट, विलक्षण सुगंधी लिंबू. नुसते साल सोलले तरी शेजारच्या घरात कळते. मी कागदी लिंबू लावले आहे. त्याने अद्याप काहीही कळवलेले नाही.) झाले. सुपाएवढी पाने क्षणात मला बशीएवढी वाटू लागली.

हळदीकुंकवाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी कालबैशाखी आली. चैत्र-वैशाखात येथे अकस्मात जे वादळ सुटते त्याला हे नाव आहे. आधी आकाश शाईसारखे होते आणि मग कोणाच्या तरी घराचे पत्रे आपल्या घरी येतात. मी काठी टेकत वर पोहोचलो तेव्हा थर्माकोलची खोकी पतंगांसारखी उडत होती. एक टोमॅटोसकट कठड्यावरून गेले. वांग्यांचे दुसऱ्या मजल्यावरील बंगाली शेजारीण आभादींच्या बाल्कनीत उतरले. क्षणभर मला जे वाटले ते मी आपल्याला लिहिणार नाही, अक्काच्या कानी पडेल. परंतु उदयराव कोठे होते? ते रेघ ओलांडून माझ्या बाजूला होते! अक्काच्या अळवाची सर्वांत मोठी कुंडी छातीशी धरून जिन्याकडे येत होते आणि ओरडत होते, “काका, दार धरा! माझी मदत करा!” मी दार धरले. दुरुस्त करण्याइतका वेळ नव्हता.

तेव्हा आपणच सांगा, माणसाने मत्सर करावा तरी कसा? ज्याचे सर्व उडून गेले तो ओल्या अंगाने हसत म्हणतो, “जाऊ दे हो काका, पुन्हा लावू. तुमचं अळू वाचलं ना? गौरीचं आहे ते.” असा मनुष्य समोरच्याला मत्सरसुद्धा धड करू देत नाही. मला रात्री झोप लागली नाही.

हळदीकुंकू थाटाने झाले. गौर झोपाळ्यात बसली, आरास झाली, आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांच्या ओट्या आणि मधोमध चांदीच्या ताटात अळूवड्या. रीतीप्रमाणे मी आतल्या खोलीत बसून बाहेरची प्रशंसा ऐकत होतो. प्रशंसा झाली, नाही असे नाही. परंतु अधूनमधून कोणीतरी ‘पन्ह्याला वास कसला गं सुरेख!’ म्हणे आणि मीना ‘आमच्या गच्चीवरचा गंधराज’ म्हणे. वादळातून ते एकच झाड वाचावे, हा मी योगायोग समजतो.

इतक्यात आभादी वडीची बशी घेऊन माझ्या खोलीत आल्या. अत्यंत प्रेमळ बाई. म्हणाल्या, “दादा, आपका पत्ता एतना बड़ा क्यों हुआ, जानते हैं? हमारा माछ धोने का पानी! रोज हम उदयबाबू को एक बालती देता है. आपका जब आँख कटा, तब से आपका गाछ भी पीता है.” (क्रियापदाचे लिंग न मानणे हा बंगाली स्त्रियांचा हिंदीतील जुना हक्क आहे. एरवी मी सुधारले असते. त्या वेळी माझ्या तोंडात तिसरी वडी होती.)

मासे धुतलेले पाणी, श्यामराव. गौरीपुढे. अक्काचे अळू.

मी उदयरावांना आत बोलावून दार लावले.

“हे खरे आहे?”

“काका, पानं पिवळी पडत होती तुमची. काकूंनी सांगितलं, तेवढं पाणी घाल रे यांच्या झाडांना. मी माझ्या झाडांना घालतो तेच घातलं. थोडंसंच.”

“आणि मी बरा होऊन वर आलो, त्यानंतर?”

“त्यानंतर... झाडांना सवय लागली होती.”

शकुनला सर्व माहीत होते. रात्री मी तिला विचारले की देवीला तू काय तोंड दाखवणार. ती वड्यांचे ताट पुसत म्हणाली, “देवीला मी पानं दाखवली. मुळं कुठं दाखवली? आणि देवीचं काय घेऊन बसलात, तुम्ही सात खाल्ल्यात.”

सारांश, अळू उत्तम आले. अक्काला एवढेच वाक्य वाचून दाखवावे, मधले परिच्छेद नजर अधू असल्याचे सांगून गाळावेत. गुडघ्याची बाजू कळवण्यास विसरू नये. अक्काच्या पायांवर माझे डोके, दोन्ही डोळ्यांसह.

आपला मेव्हणा,
दिगंबर

ता. क. : पत्रावर शिक्का नाही, कारण ते उदय स्वतः आणून देत आहे. त्याची बदली झाली असून ती नेमकी आपल्या चिपळूणच्या शाखेत झाली आहे. आपला खालचा मजला माघापासून रिकामा आहे, तो त्याला द्यावा, ही या पत्रातील मूळ विनंती. परसाकडची खोली त्यालाच द्यावी. जमीन दाखवा आणि बाजूला व्हा. पोराच्या हाताला गुण आहे. पाकीट मी खळीने दोनदा चिकटवणार आहे, तेव्हा वरील मजकूर त्याने वाचलेला नसावा. तो ‘माझी मदत करा’ म्हणाला तर दुरुस्त करू नये. ते काम माझे आहे. मी फोनवर करीन.

दुसरा ता. क. : संध्याकाळी तो आपल्या ओटीवर येऊन बसेल, गप्पा मारील, आपल्याला हसवील. बसू द्यावे. परंतु त्याला माझ्यापेक्षा चांगला माळी म्हणू नये. आपण म्हटलेले मला येथे कळेल. मीना कळवील.

तिसरा ता. क. : काल त्यांचे सामान गेले, आज रात्री हे पत्र घेऊन ते निघतील. खडूची रेघ पावसाने पुसली आहे, मी ती पुन्हा मारलेली नाही. पलीकडे कोणी नसताना रेघ कोणासाठी मारावयाची? गंधराजाचे झाड त्याने मला देऊन टाकले आहे. त्याला सवय लागलेली असल्यामुळे सकाळी आभादींच्या दारातून बालदी मीच आणतो. झाकून आणतो. अक्काला सांगू नये.