त्या रविवारी आमच्याकडे कोणी काही पाहिलं नाही

प्रिय लांबू,

मामाचे अनेक आशीर्वाद, आणि गेले तीन रविवार तू फोन न केल्यामुळे साठून राहिलेले आणखी काही. तुझी तब्येत कशी आहे, जेवणखाण वेळेवर होतं का, डाव्या खांद्याला लागलं ते आता कसं आहे (लागलं असेल असा माझा आपला अंदाज), हे सगळं विचारायचं होतं. पण तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. पत्र दाराच्या फटीतून आपलं आपण आत येतं, त्याला कोणाची मर्जी लागत नाही. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो. मामीला सर्दी झाली होती, ती आता मला झाली आहे. दुकान बरं चाललंय, कारण लोकांचे डोळे बिघडायचे काही थांबत नाहीत.

परवा तुझ्या आईच्या फोनवर तुझा निरोप आला, की मला आता खेळायचं नाही, शनिवारी सामान घेऊन येतो, मामाला म्हणावं दुकानात बसवून घे. ताईने तो मला वाचून दाखवला, मग मामीला, मग वरच्या मजल्यावरच्या मोजणीसाहेबांना (मोजणी खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी गृहस्थ अजून जिन्याच्या पायऱ्या मोजत चढतात, परवा एक कमी भरली म्हणून पुन्हा खाली गेले), आणि मग बराच वेळ स्वतःशीच वाचत बसली. मधले दोन रविवार सुट्टी होती, आता येत्या रविवारी तुमचा सामना आहे आणि तुमच्या पहिल्या गोलकीपरचा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे, हे आम्ही पेपरात वाचलं. म्हणजे उभं तुलाच राहायचं आहे आणि तू आदल्या दिवशी घरी निघालास. त्यावरून माझ्या लक्षात आलं की तुझा एक मोठा गैरसमज झालेला आहे. तुला वाटतंय, त्या दिवशी तुला चार गोल झाले ते आम्ही पाहिले. लांबू, ते आमच्यापैकी कोणीही पाहिलेले नाहीत. कसे पाहिले नाहीत ते जरा सविस्तर सांगतो.

आमचा रविवार कसा असतो ते तुला माहीत आहे, पण तू संघात गेल्यापासून त्यात जी सुधारणा झाली ती तुला कोणी नीट सांगितलेली नाही. सकाळी उशिरा उठणं, एकच पेपर तिघांनी पानं वाटून वाचणं (मला कायम मधलं पान येतं, ज्यात जाहिराती असतात), अंघोळ करावी की नाही यावर अकरापर्यंत विचार, जेवण, मग आडवं होणं. हे सगळं पूर्वीसारखंच आहे. फरक पडतो चार वाजता. मोजणीसाहेब आपली खुर्ची स्वतः घेऊन खाली येतात, मामी चहा ठेवते, आणि आम्ही सगळे फुटबॉलचा सामना बघायला बसतो, म्हणजे खरं तर तुमचा बाक बघायला. दोन वर्षं आम्ही बॉल कुठे आहे इकडे लक्षच दिलेलं नाही. कॅमेरा मैदानाच्या त्या बाजूला वळला की मामी सगळ्यांना गप्प करते आणि मोजणीसाहेब घड्याळाचं बटण दाबतात. सगळ्यात जास्त तू दिसलास तो सामना गेल्या वर्षीचा, तेवीस सेकंद, कारण शेजारचा मुलगा बूट बांधायला वाकला होता. एकदा तू केळं खात होतास, तर ताईला पुढचे दोन दिवस बरं वाटलं. गल्लीत लोक मला विचारायचे, काय म्हणतो भाचा, कसा खेळला? मी सांगायचो, छान बसला. आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. आख्ख्या गल्लीत आणखी कोणाचा भाचा टीव्हीवर बसतो?

आता त्या रविवारचं. सामन्याआधी सराव करताना तुमच्या पहिल्या गोलकीपरचा पाय मुरगळला आणि तू हातमोजे घालत घालत बाकावरून उठलास, इथपर्यंत आम्ही पाहिलं, ते मी नाकारत नाही. मोजणीसाहेबांनी घड्याळ चालू केलं, आणि बंद कधी करायचं ते कळेना म्हणून त्यांची पंचाईत झाली. पण आठव्या मिनिटाला, म्हणजे पहिला गोल झाला म्हणतात तेव्हा, मामीने स्वयंपाकघरातून हाक मारली की बरणीचं झाकण निघत नाही. मी गेलो, माझ्याने निघेना. मग ताई आली. मग मोजणीसाहेब आले आणि त्यांनी झाकणाचा व्यास मोजला. चौघं मिळून आम्ही त्या बरणीशी झटत होतो, तेवढ्यात तिकडे काय झालं आम्हाला काय माहीत? बाहेर आलो तेव्हा एक शून्य झालेलं दिसलं. आम्हाला वाटलं चुकून लिहिलं असेल.

दुसऱ्या गोलाच्या वेळी मोजणीसाहेब रिमोटवर बसले. (त्यांची चूक नाही. रिमोटच्या जागेवर रिमोट नव्हता.) चॅनल बदललं आणि मधमाश्यांवरचा एक कार्यक्रम लागला, आणि तो इतका चांगला होता की कोणाला उठवेना. राणीमाशी दिवसाला किती अंडी घालते हे मला आता पाठ आहे, येशील तेव्हा विचार. गोल मात्र पाहिला नाही. एवढं मात्र मला कोणीतरी सांगितलं की बॉल तुमच्याच त्या केसाळ बचावपटूच्या टाचेला लागून वळला, तू बरोबर उडी मारली होतीस, आणि उलट दिशेला जाणारा बॉल अडवायला माणसाला चार हात लागतात. हे कोणी सांगितलं ते आता आठवत नाही.

तिसऱ्याच्या वेळी खालून एक म्हाताऱ्या बाई दार वाजवायला लागल्या. त्यांच्या चष्म्याची काडी निघाली होती. रविवारी मी दुकान उघडत नाही, पण बाईंना घरी जायचा रस्ता दिसत नव्हता, म्हणून खाली गेलो, स्क्रू शोधला, तो पडला, तो शोधायला सगळ्यांना बोलावलं. तू गोल सोडून एवढा पुढे का आलास हे मला विचारायचं आहे, पण मी पाहिलेलं नसल्यामुळे विचारत नाही.

मग ती पेनल्टी. ती मात्र आम्ही सगळ्यांनी पाहिली. नेमकं तेवढं एक मिनिट सगळं जागच्या जागी होतं. बरणी, रिमोट, बाई, काही आड आलं नाही. तू दोन्ही हात पसरून उभा राहिलास तेव्हा मामीने माझा हात इतका घट्ट धरला की घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उठला. तू डावीकडे झेपावलास आणि बोटांच्या टोकांनी बॉल बाहेर काढलास. मोजणीसाहेब खुर्चीवर चढले. तुझी आई उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी खिडकी उघडून गल्लीला सांगितलं. यानंतर चौथा गोल झाला म्हणतात, पण तोवर माझ्या चष्म्यावर चहाची वाफ आली होती आणि पुसायला घरात कोरडं फडकं नव्हतं. (चष्म्याच्या दुकानदाराकडे फडकं नाही, यावर तू हसशील. हस.)

आता दुकानाचं. तू म्हणशील की मामाला मी दुकानात नको आहे म्हणून मामा एवढं रामायण सांगतोय. तसं नाही. माझ्या हातानंतर काच घासायच्या यंत्रावर कोणाचा हात येणार, हा विचार मी सहा वर्षं करतोय, आणि दर वेळी माझ्या डोळ्यांसमोर तूच येतोस, छताला डोकं लागू नये म्हणून वाकलेला. तू आलास तर मला आनंद होईल, तो लपवता येणार नाही. पण तू लपायला येतो आहेस, आणि त्यासाठी हे दुकान सोयीचं नाही. समोरून सगळी काच आहे. खेळून पोट भरल्यावर, कंटाळा आल्यावर, गुडघे गेल्यावर ये. खुर्ची राखून ठेवतो. या शनिवारी मात्र मी दुकान बंद ठेवणार आहे. कारण अजून ठरवलेलं नाही, ठरलं की कळवीन.

तुझा,
मामा

ता. क. : खरं म्हणजे हे पत्र एवढ्याचसाठी होतं की रविवारी सामना संपल्यावर पूर्वीसारखा फोन कर. हरलास तरी कर. सामन्याबद्दल कोणी एक अक्षर काढणार नाही. मी मधमाश्यांबद्दल बोलेन.

ता. क. दुसरा, मामीकडून : पाकिटाला डिंक लावायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून मी सगळं वाचलं. बरणी उघडायला मला आजवर कोणी लागलेलं नाही. मधमाश्या मंगळवारी होत्या. त्या बाई आल्या होत्या, पण बुधवारी. चारही गोल आम्ही डोळे उघडे ठेवून पाहिले, आणि संध्याकाळी सामना पुन्हा दाखवला तेव्हा पुन्हा पाहिले, कारण तुझ्या मामांना वाटत होतं की दुसऱ्यांदा तरी अडवशील. तिसरा तुझ्या चुकीने झाला. बाकीचे तीन नाही. सोमवारी दुकानात एक गिऱ्हाईक म्हणालं की तुमच्या भाच्याचे हात सैल आहेत, तर तुझ्या मामांनी त्याला अक्षरांच्या तक्त्यासमोर अर्धा तास बसवलं आणि तुम्हाला लांबचं अजिबात दिसत नाही म्हणून सांगितलं. (त्याला खरंच दिसत नव्हतं, हे नशीब.) मोजणीसाहेबांनी वहीत पूर्ण नव्वद मिनिटं लिहून खाली सही केली आहे आणि ते पान कोणाला उलटू देत नाहीत.

लांबू, आई लिहितेय. मामीने लिहिलं की सगळ्यांनी सगळं पाहिलं, तेही खरं नाही. तिसऱ्या गोलानंतर तू जाळ्यातून बॉल काढायला वाकलास आणि बराच वेळ वर आला नाहीस. ते मला बघवेना. मी उठून मागे गेले आणि दोरीवरचे ओले कपडे काढून घडी घालत बसले. आत सगळे ओरडले तेव्हा मला वाटलं आणखी एक झाला. ती तुझी पेनल्टी होती. टाळ्या मी वाजवल्याच नाहीत, मी तिथे नव्हतेच. संध्याकाळी पाहिली, पण तोवर ती होऊन गेली होती. येत्या रविवारी काही झालं तरी मी जागची उठणार नाही. तूही तुझी जागा सोडू नकोस.