न रडलेली आई

४ मार्च

आलो एकदाचे. टेम्पोवाल्याने सामान फाटकाशी उतरवलं, वर चढवणं आपल्याकडे नाही असं सांगितलं आणि तो गेला. मग अठ्ठावीस खोकी आम्ही तिघांनी वर आणली. म्हणजे सव्वीस मी आणि नवऱ्याने, दोन खारूने, आणि त्यातल्या एकात नुसत्या उशा होत्या. खारू सहा वर्षांची. गालात खाऊ साठवून तासभर हिंडते म्हणून हे नाव. दाखल्यावरच्या नावाने हाक मारली तर मागे वळूनही बघत नाही.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या, जिना बाहेरून. खाली घरमालकीणबाई एकट्याच राहतात, पुढे त्यांची फुलझाडं. झाडांना हात लावायचा नाही एवढी एकच अट. खारूने ती ऐकली आणि हात पाठीमागे बांधून प्रत्येक झाडाचा वास घेऊन आली. घरमालकीणबाई हसल्या. मला हे घर आवडलं.

८ मार्च

कामाचा चौथा दिवस. दातांच्या कवळ्या बनवणारं छोटंसं दुकान आहे. एका लांब टेबलाशी आम्ही पाच जण. दवाखान्यांतून रुग्णांच्या दातांचे ठसे येतात, त्यात प्लास्टर ओतून साचा करायचा, साच्यावर मेणात दात बसवायचे. सर म्हणाले, तुमचा हात हलका आहे. अकरा वर्षं हेच करतेय म्हणावंसं वाटलं, पण नव्या जागी कौतुक गुमान घ्यावं.

खारूची शाळा दोन गल्ल्यांपलीकडे. सकाळी नवरा सोडतो, तीन वाजता मी घेते आणि शेजारणीच्या मुलीबरोबर तिला घरी बसवून पुन्हा कामावर जाते. जमतंय.

१६ मार्च

आज दुकानाला सुट्टी, पण एक काम राहिलं होतं म्हणून खारूला घेऊन गेले. तिचा वरचा दात परवाच पडलाय. माझ्याही तोंडाचा पुतळा कर म्हणून तिने हट्ट धरला. ठसा घेताना आधी उमासे, मग हसू, मग सगळा लगदा माझ्या बाहीवर. दुसऱ्या खेपेला नीट आला. साच्याच्या तळाशी आजची तारीख कोरली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला. मधे खिडकीएवढी फट. तिचं म्हणणं, हा पुतळा हसतोय.

२४ मार्च

खारू नाही. परवापासून.

घरी दिवसभर बसायला एक पोलीसबाई दिल्या आहेत. त्या म्हणाल्या, जे आठवतं ते आत्ताच लिहून ठेवा, नंतर सगळं एकात एक मिसळतं. म्हणून लिहिते.

शुक्रवारी एका कवळीचं मेण गार व्हायचं होतं. निघायला उशीर झाला. शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा तीन वाजून सात मिनिटं झाली होती. अंगात राखाडी सदरा होता, बाहीला प्लास्टर. फाटकात कुणी नव्हतं. वर्गाच्या बाईंनी सांगितलं, मुलगी मावशीबरोबर गेली, आईला उशीर होतोय म्हणाल्या त्या.

मला बहीण नाही.

२५ मार्च

आज कॅमेऱ्यांपुढे बोलले. टेबलावर चौदा माइक होते. इन्स्पेक्टरसाहेबांनी आधीच बजावलं होतं की रडू नका, सावकाश बोला, जिने नेलंय तिला शब्द न् शब्द कळला पाहिजे. मुलीचं दाखल्यावरचं नाव घ्या. मी सकाळभर न्हाणीघरात पाठ केलं आणि एकदाही न अडखळता बोलले. खाली उतरताना वाटलं, निदान एवढं तरी मी धड केलं.

संध्याकाळी घरमालकीणबाईंचा टीव्ही जमिनीतून ऐकू येत होता. आई रडली नाही. दर पाच मिनिटांनी तेच वाक्य. कुणी मनाचे डॉक्टर आले होते, ते म्हणाले की बाईंनी पोटच्या मुलीचं नाव परक्यासारखं घेतलं.

२९ मार्च

इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं, मुलीच्या दातांची काही नोंद आहे का. हा प्रश्न कशासाठी असतो ते माझ्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तरी दुकानात गेले, साचा फडक्यात गुंडाळला आणि त्यांच्या हातात दिला.

आज सगळ्या वाहिन्यांवर तो साचाच आहे. मुलगी नाहीशी होण्याच्या सहा दिवस आधी आईने घेतला दातांचा ठसा. तळाची तारीख लाल गोलात. मृतदेह ओळखला जावा म्हणून केलेली तयारी तर नव्हे? दुकानातल्या चौघांपैकी कुणीतरी बोललं असणार, नाहीतर तो हट्टाने केलेला पुतळा त्यांना कसा कळतो? सर फोनवर म्हणाले, थोडे दिवस घरीच थांबा. आवाजात वाईट वाटणं होतं, पण फोन त्यांनी घाईने ठेवला.

२ एप्रिल

फाटकाशी माणसं असतात. सकाळी आठला येतात, जेवायला जातात, परत येतात. गजांना बाहुल्या बांधल्यात. हिरव्या छत्रीची एक बाई रोज येते, खारूसाठी रडते, आणि मी खिडकीत दिसले की थुंकते.

सात मिनिटांची वीस झाली, परवा चाळीस. आज एका वाहिनीने विचारलं, त्या सव्वा तासात आई कुठे होती?

जेवताना नवऱ्याने विचारलं, त्या दिवशी नक्की किती वाजता निघालीस. सांगितलं. त्याने मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

५ एप्रिल

पोलीसबाईंचे पाय सुजतात. दुपारी बूट काढून त्या जिन्यात बसतात आणि मला चहा करायला लावतात. माझ्या हाताला काम असावं म्हणून, असं त्या नवऱ्याला सांगताना ऐकलं. या घरात माझ्याकडे सरळ बघणारं आता तेवढंच माणूस.

आज टीव्हीवर नाट्यरूपांतर दाखवलं. आमच्यासारखाच बाहेरचा जिना. माझं काम करणाऱ्या बाईने पिवळा ड्रेस घातला होता. ती मुलीला दंडाला धरून फरफटत वर नेते, दार लागतं, किंकाळी येते. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, काल्पनिक. नवरा ते शेवटपर्यंत बघत बसला. मीही बसले. बंद कर म्हणायचं दोघांनाही सुचलं नाही.

८ एप्रिल

सकाळी चार-पाच जण फाटकावरून आत आले आणि फुलझाडं खणली. पोलीसबाई एकट्या ओरडत होत्या. एक हाड सापडलं. दुपारभर वाहिन्यांवर ते हाड. संध्याकाळी तपासणीत निघालं कोंबडीचं. ते कुणी फारसं सांगितलं नाही.

घरमालकीणबाई वर आल्या. रडत होत्या. म्हणाल्या, माझा तुमच्यावर विश्वास आहे गं, पण खोल्या सोडाल का. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं की जायच्या आधी, निदान मला तरी, कुठे आहे ती ते…

वाक्य पुरं न करताच त्या खाली गेल्या.

११ एप्रिल

नवरा नणंदेकडे गेला. दोन दिवस, असं म्हणाला. सगळे कपडे नेले. दारात थांबून माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी हळू, मायेने म्हणाला, "तू मला सांग. मी कुणाला सांगणार नाही."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१३ एप्रिल

नणंद टीव्हीवर. म्हणे वहिनी पहिल्यापासूनच थंड. म्हणे लहानपणी खारूला ताप आला तरी कामावर गेली. गेले होते. एक दिवस.

१५ एप्रिल

फाटकाचं ते वाक्य सारखं मनात म्हणून बघते. तीन वाजून सात मिनिटं, राखाडी सदरा. तीन वाजून सात मिनिटं, पिवळा

पिवळा नव्हे. कपाट उपसलं. माझ्याकडे पिवळा ड्रेस नाही. कधीच नव्हता. तरी दोनदा उपसलं.

१७ एप्रिल

जिना आठवतो. तिचा दंड माझ्या हातात — मऊ, घामेजलेला. हे टीव्हीवरचं आहे. पण टीव्हीवर घाम कुठे कळतो?

फाटक आठवायला जाते आणि जिनाच येतो. आधीचं पान काढून वाचलं. अक्षर माझं आहे. पण खोटं लिहायचं असतं तर मी असंच लिहिलं असतं ना.

१८ एप्रिल

पोलीसबाईंना सांगितलं, मीच असेन. त्यांनी कप खाली ठेवला. कुठे, कसं, म्हणून विचारलं. मला काही सांगता येईना. जिना, म्हटलं. पिवळा, म्हटलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, हे तुम्ही कुणापुढे बोलू नका, आणि आता टीव्ही बघू नका.

टीव्ही बंदच आहे. खालून येतो. फाटकातून येतो.

२० एप्रिल

झोप नाही — माझ्या हातांकडे बघवत नाही — काहीतरी धुवायचं राहिलंय असं सारखं —

२१ एप्रिल, सकाळ

सापडली. जिवंत आहे. खारू जिवंत आहे.

इन्स्पेक्टरसाहेबांचा फोन आला. दोन तासांवरच्या गावात, एका बाईच्या घरी. तिची स्वतःची मुलगी गेल्या वर्षी वारली. शाळेपाशी महिनाभर हिंडत होती म्हणे. खारूला मारहाण नाही, उपास नाही, अंगावर स्वच्छ कपडे. बारापर्यंत घेऊन येतात. मी जमिनीवर बसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले. पोलीसबाईही रडल्या.

म्हणजे मी फाटकाशीच गेले होते. सात मिनिटं, राखाडी सदरा. सगळं खरं होतं.

२१ एप्रिल, साडेअकरा

खाली फुलं घेऊन माणसं आली आहेत. हिरव्या छत्रीच्या बाईने देवाच्या तसबिरीसारखा माझा फोटो हातात धरलाय, वर बघून हात जोडते. वाहिनीवर म्हणे चमत्कार. नवरा निघालाय, वाटेत आहे.

पोलीसबाई मघापासून काहीतरी सांगायचं टाळत होत्या. आत्ता सांगितलं. त्या बाईच्या घरी टीव्ही दिवसभर चालू असायचा. बघ, तुझ्या आईने काय केलं असतं, मी तुला वाचवलं, असं ती खारूला सांगायची. खारूने सगळं बघितलंय. जिनाही. पोलीस पोचले तेव्हा ती पलंगाखाली शिरली आणि म्हणाली, मला आईकडे नका नेऊ.

लहान आहे, विसरेल, म्हणाल्या पोलीसबाई.

२१ एप्रिल, बारा

गाडी आली. खिडकीत उभी आहे, खिडकीच्या कठड्यावर वही ठेवून लिहितेय, हात रिकामे राहिले तर काय करतील कळत नाही. गर्दी टाळ्या वाजवतेय. दार उघडलं. केस कापलेत तिचे. केवढीशी दिसते. इन्स्पेक्टरसाहेबांनी तिला उतरवलं, तिने त्यांचा पट्टा धरलाय घट्ट. ते वर बोट दाखवतात. ती वर बघते.

मी हात हलवला.

तिने जिन्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, आणि तोंड उघडून ती —