विशेष्याविना विशेषणं

४ सप्टेंबर
माझी स्मृती तपासायची आहे! मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "सर, मुलं विचारतात एक आणि तुम्ही सांगता भलतंच. मानसतज्ज्ञांचा अहवाल आणा. तोवर दहावीचं संस्कृत दुसरं कुणी घेईल." सव्वीस वर्षं शिकवतोय. धातुरूपं झोपेत विचारा!

हिला सांगितलं. म्हणाली, "बरंच झालं. परवा चाव्या द्या म्हटलं, तर 'शिव्या कशाला?' म्हणून अंगावर आलात."

७ सप्टेंबर
मूल्यमापन पार पडलं. दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा (रडण्याची सोय), डोक्यावर घरघरणारा पंखा. मानसतज्ज्ञ माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. मान खाली घालून पुटपुटत वाचते. "पाच शब्द सांगते. दहा मिनिटांनी परत विचारेन."

कान, पाच, थोडा, वारा, गोरी. दोन नामं, तीन विशेषणं — आणि विशेष्य एकालाही नाही! विचारलं, "बाई, ही यादी कुठल्या वैयाकरणाने केली?" तिने काहीतरी टिपून घेतलं.

दहा मिनिटांनी पाचही म्हणून दाखवले. क्रमाने. मग उलटे. तिचा चेहरा पडला. मत्सर असावा.

९ सप्टेंबर
शून्य. पाचपैकी शून्य! फोन हिने घेतला. "एकही शब्द बरोबर नाही म्हणे. परत बोलावलंय हो," इतकंच म्हणाली. दिवसभर माझ्याशी गोड बोलतेय. धास्तावलो.

१० सप्टेंबर
पहाटे धातूंचे गण म्हणून पाहिले. दहाच्या दहा आले. मग गेलं ते नक्की काय?

१२ सप्टेंबर
आज शब्द कागदावर लिहून दिले. पाचपैकी पाच.

मग तिने त्या दिवशीची यादी पुढे सरकवली — पान, काच, घोडा, तारा, दोरी. शेजारी माझं उत्तर.

"सर, विसरणारा माणूस यमक जुळवत बसत नाही."

मी दोन्ही याद्या बोटाने जुळवून पाहिल्या.

"स्मरणशक्ती ठणठणीत आहे तुमची. कान तपासून घ्या."

सोबत आलेली ही मागे दाराशी हसू दाबत होती. कागदी रुमाल मात्र हिला दोन लागले.

१४ सप्टेंबर
वर्ग माझाच राहिला! कानात यंत्र लावायचं, ही अट. 'अट' हा शब्द मला आधी 'वाट' ऐकू आला. हे फक्त इथे लिहितो.

२१ सप्टेंबर
यंत्र बसलं. मी बाहेरच्या खोलीत, ही ओट्याशी. एकटीच बोलत होती —

"वर्ग राहिला, सुटले बाई. नाहीतर घरभर विभक्त्या लावत बसला असतात."

म्हणजे माझ्याशीच! सुरावरून कळलं, हे रोजचं आहे. उत्तराची वाट न पाहणारं. किती वर्षांचं, कोण जाणे.

म्हटलं, "लावल्याच असत्या."

आत भांडं पडलं. तेही ऐकलं.